मत विचारायचं कुणाला?

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो वर्तनवादाची आठ वैशिष्ट्यं सांगतो. नियमितता, पडताळणी, तंत्रं, संख्यात्मकता, मूल्यं, व्यवस्थीकरण, शुद्ध विज्ञान, एकात्मता. पेपरात हमखास येणारा प्रश्न. डेव्हिड ईस्टन या अमेरिकेत शिकवणाऱ्या अभ्यासकानं ही यादी केली, हेही त्याला पाठ असतं. पण ईस्टनला अशी यादी करायची गरज का पडली, त्याआधी लोक राजकारणाचा अभ्यास कसा करत होते आणि त्यात कुणाला काय खटकलं, असं विचारलं की वर्ग शांत होतो. पोरांचा दोष नाही. फोनवर फिरणाऱ्या पीडीएफ नोट्समध्ये तेवढं नसतंच.

मी मोडनिंबची. पुण्याहून सोलापूरकडे येताना हायवेवर टेंभुर्णी मागे पडली, सावता माळ्यांचं अरण गेलं, की आमचं गाव येतं. तालुका माढा. मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते आणि त्याआधी काही वर्षं निवडणुकांच्या सर्व्हेसाठी फॉर्म भरून घेत वस्त्या-वस्त्या फिरले आहे. या दोन कामांमुळे ‘संशोधन दृष्टिकोनांचा विकास’ हा एरवी रुक्ष वाटणारा धडा मला वेगळा दिसायला लागला. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या विषयातल्या लोकांचं भांडण बरंचसं एका गोष्टीवरून झालं आहे. राजकारण समजून घ्यायचं तर जाऊन विचारायचं कुणाला? कायद्याच्या पुस्तकाला, पुढाऱ्याला, मतदाराला, की वाफ्यात खुरपं घेऊन बसलेल्या आणि ‘मला न्हाय ठावं’ म्हणणाऱ्या बाईला?

सुरुवातीला उत्तर सोपं होतं. पुस्तकाला विचारायचं. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यशास्त्र म्हणजे प्लेटोपासून मिलपर्यंतचे विचारवंत, देशोदेशींच्या घटना, संसदेची रचना, न्यायालयांचे अधिकार. याला नोट्समध्ये पारंपरिक दृष्टिकोन म्हणतात आणि त्याचे तात्त्विक, ऐतिहासिक, कायदेशीर, संस्थात्मक असे पोटभाग पाडतात. भारतात तो 1950 नंतरही जोमात राहिला, आणि ते स्वाभाविक होतं. 395 कलमांची कोरी करकरीत घटना हातात आली होती, ती समजून घेणंच मोठं काम होतं. पण या पद्धतीनं कुणी मोडनिंबचं राजकारण लिहायला बसलं असतं, तर त्यानं 1958चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम उघडला असता. सरपंचाची निवड कशी होते, सभा किती दिवसांनी घ्यायची, कर कोणते लावता येतात, हे सगळं नीट आलं असतं. सरपंच त्याच चार घरांतला का होतो, हे आलं नसतं.

कायद्याच्या पलीकडे बघायला हवं, हे आपल्याकडे एका माणसानं फार लवकर सांगितलं होतं. 27 जानेवारी 1919 रोजी साउथबरो समितीसमोर डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा, हे ठरवायला ही समिती आली होती. आंबेडकर तेव्हा 27 वर्षांचे, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं होतं की भौगोलिक मतदारसंघ कागदावर सगळ्यांना सारखे दिसतात, पण मतदार मोकळ्या हवेत मत देत नाही. तो आपल्या गटातून मत देतो. मोठ्या गटाचा उमेदवार लायक आहे म्हणून नव्हे, तर गट मोठा आहे म्हणून निवडून येतो. आणि मालमत्तेवर मताधिकार ठेवलात, तर ज्यांना मालमत्ता करूच दिली नाही तेच पुन्हा बाहेर राहतात. ही साक्ष म्हणजे मतदाराच्या वागण्याचा अभ्यास आहे. अमेरिकेत आर्थर बेंटली आणि इंग्लंडमध्ये ग्रॅहम वॉलेस यांची पुस्तकं 1908ची, ती आमच्या अभ्यासक्रमात वर्तनवादाची पूर्वपीठिका म्हणून येतात. 1919ची साक्ष मात्र ‘भारतीय राजकीय विचार’ या वेगळ्या पेपरात असते. दोन पेपर, दोन सेमिस्टर, आणि पोरांना संबंध कळत नाही.

अमेरिकेतली गोष्ट थोडी रंगतदार आहे. शिकागो विद्यापीठातले चार्ल्स मेरियम हे नुसते प्राध्यापक नव्हते. ते शहराचे नगरसेवक होते आणि 1911 साली महापौरपदाची निवडणूक लढवून हरले होते. निवडणूक हरलेला प्राध्यापक राज्यशास्त्राला काय करतो, तर पुस्तकातून उठवून गल्लीत नेतो. 1923च्या शिकागो महापौर निवडणुकीनंतर मेरियम आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड गॉस्नेल यांनी मत न दिलेल्या सुमारे 6,000 लोकांना गाठून विचारलं, का दिलं नाही? पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. उत्तरांच्या वर्गवारीत आळस होता, आजारपण होतं, आणि ‘नवऱ्याचा विरोध’ अशीही एक रांग होती. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळून तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

आपल्याकडच्या पहिल्या निवडणुकीत तर त्याही आधीची अडचण आली. 1951-52च्या मतदारयाद्या करताना अनेक बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायच्या नाहीत असं ठरवलं, आणि सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीबाहेर गेली. यातली बहुतेक उत्तरेकडची. ज्याचं नाव यादीत नाही त्याला सर्व्हेवालाही कधी विचारत नाही, कारण त्याची यादीही तीच असते.

महाराष्ट्रात गल्लीत उतरणारी पिढी साठच्या दशकात आली. पुणे विद्यापीठातले प्रा. व्ही. एम. सिरसीकर यांनी 1962च्या सार्वत्रिक निवडणुकीचा अभ्यास केला. भाषणं आणि जाहीरनामे बाजूला ठेवून मतदार काय करतो, याचा अभ्यास. त्याचं पुस्तक 1965 साली आलं, आणि पुस्तकाच्या नावातच ‘राजकीय वर्तन’ होतं. ईस्टनच्या आठ कलमांना इथे पाय फुटले.

पण सिरसीकरांचं मला जास्त महत्त्वाचं वाटणारं काम पुढचं आहे. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सहकारी साखर कारखाने उभे राहतच होते. जिल्ह्यात एक नवी सत्ता तयार होत होती आणि ती मुंबईच्या वर्तमानपत्रांतून दिसत नव्हती. सिरसीकरांनी या नव्या पुढाऱ्यांकडे प्रश्नावली नेली. वय काय, शिक्षण किती, जमीन किती, जात कोणती, घरात आधी कोण राजकारणात होतं. 1970 साली आलेल्या ‘रूरल एलीट’ या पुस्तकानं पुढे प्रत्येकाच्या तोंडी बसलेली गोष्ट आकड्यांत मांडली. ग्रामीण महाराष्ट्राची नवी सत्ता जमीनदार, तुलनेनं शिकलेल्या, बहुतांशी मराठा घरांच्या हातात एकवटत होती. त्याच काळात अँथनी कार्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं फलटण तालुक्यात राहून अभ्यास केला. 1974 साली त्याचं पुस्तक आलं. फलटण आता आमच्या माढा लोकसभा मतदारसंघात आहे, त्यामुळे मी ते शेजारच्या घरची भांडणं वाचावीत तशी वाचली. युत्या कशा जुळतात, सोयरीक आणि कारखान्याची संचालकपदं एकमेकांत कशी गुंततात, हे त्यात आहे.

या दोन्ही पुस्तकांबद्दल मला आदर आहे, आणि एक खटकतंही. ज्यांना विचारलं किंवा ज्यांच्या ओट्यावर बसून बघितलं, ते पुढारी होते. गडी, शेतमजूर, कोरडवाहूवाला, बाई, हे लोक या अभ्यासांत ‘मतं’ म्हणून येतात. इकडून तिकडे वळवली जाणारी मतं. सत्ता कुठे आहे हे शोधायचं तर सत्तेकडे जावं लागतं, हे खरंच. पण वीस वर्षं सगळेच पाटलाच्या ओट्यावर चहा पीत बसले, तर गावाचं राजकारण म्हणजे ओट्यावरचं राजकारण, असंच सगळ्यांना वाटायला लागतं.

‘व्होट बँक’ या शब्दाचं काय झालं ते बघा. हा शब्द समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1955च्या एका लेखात वापरला. ते म्हैसूरजवळच्या, रामपुरा असं नाव देऊन लिहिलेल्या गावात राहिले होते. त्यांच्या लेखी व्होट बँक म्हणजे गावातला तो वजनदार माणूस, ज्याच्याकडे उमेदवार थेट जातो, कारण पंचवीस-पन्नास घरांची मतं त्याच्या शब्दावर असतात. म्हणजे बोट वरच्या माणसाकडे होतं. आज टीव्हीवर हा शब्द खालच्या माणसांसाठी शिवीसारखा वापरतात. एका संशोधकाचा शब्द सत्तर वर्षांत असा उलटा झाला. (श्रीनिवासांची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. 1970 साली ते स्टॅनफर्डला असताना आंदोलनातल्या जाळपोळीत त्यांच्या टिपणांच्या प्रक्रिया केलेल्या प्रती जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून त्या गावावर पुस्तक लिहिलं. ते 1976 साली आलं. आमची पोरं फोन फुटला की असाइनमेंट गेली म्हणून सांगतात, तेव्हा मी त्यांना हे ऐकवते.)

खुद्द वर्तनवादाला धक्का देणारा माणूसही ईस्टनच निघाला. 1969 साली अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेचा अध्यक्ष म्हणून भाषण करताना त्यानं सहकाऱ्यांना सुनावलं की बाहेर व्हिएतनामचं युद्ध चालू आहे, शहरं पेटली आहेत, आणि आपण तंत्र घासतपुसत बसलो आहोत. त्यानं दोन शब्द दिले, प्रस्तुतता आणि कृती. याला उत्तरवर्तनवाद म्हणतात. पाच मार्कांची टीप.

आपल्याकडे त्या बदलाचा जिवंत नमुना म्हणजे गेल ऑम्व्हेट. अमेरिकेतून पीएचडीसाठी आलेली ही बाई महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर काम करायला लागली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची होऊन गेली. 1976 साली तिचं पुस्तक आलं. इंग्रजी दप्तरखान्यात न सापडणारं राजकारण तिनं सत्यशोधकी जलशांत आणि गावाकडच्या मराठी पत्रांत शोधलं. मुकुंदराव पाटलांचं ‘दीनमित्र’ हे 1910 पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघत होतं. ज्यांना ‘मतं’ म्हणून मोजलं जात होतं त्यांचे आजे-पणजे लिहीत होते, छापत होते, भांडत होते. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

आता सर्व्हेकडे येते, कारण माझी स्वतःची चप्पल तिथे झिजली आहे.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्याला माहीत आहे. सर्व्हेचं सगळं गणित या म्हणीत आहे आणि तिची पळवाटही. भाताचं एक शीत चालतं, कारण सगळा भात सारखा शिजतो. समाज आमटीसारखा असतो. न ढवळता वरचीच पळी घेतली तर तळाचं मीठ कळत नाही. 1936 साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं 1 कोटी लोकांना पत्रं पाठवली, त्यातल्या 20 लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली, आणि साप्ताहिकानं सांगितलं की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्रांचे पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते आणि मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू होत्या ते वरची पळी होते. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारे वेगळेच. जॉर्ज गॅलपनं त्या मानानं मूठभर लोकांना विचारून बरोबर सांगितलं, कारण त्यानं आमटी ढवळायचा प्रयत्न केला होता.

दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेनं 1967 साली भारतातला पहिला राष्ट्रीय निवडणूक अभ्यास केला. रजनी कोठारींची ती संस्था. मध्ये मोठा खंड पडला आणि 1996 पासून हे काम पुन्हा सुरू झालं, पुढे ते ‘लोकनीती’ या नावानं चालू राहिलं. योगेंद्र यादव त्यात होते, आणि महाराष्ट्रात पुणे विद्यापीठातले राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर यांच्यासारखे लोक. राज्याराज्यांतल्या कॉलेजांतली पोरं-पोरी फॉर्म घेऊन घरोघर जाणार, स्थानिक भाषेत विचारणार. आधी मतदारसंघ निवडायचे, त्यातली मतदान केंद्रं, मग त्या केंद्राच्या यादीतून ठरावीक अंतरानं नावं. मतदान झाल्यावर, मोजणीच्या आधी त्या माणसाला गाठायचं. कुणाला मत दिलं हे तोंडानं विचारायचं नाही. चिन्हं छापलेली खोटी मतपत्रिका द्यायची आणि पेटी पुढे करायची.

या पद्धतीनं काय बदललं ते शिकवताना माझा आवाज जरा चढतो. मतदारयादीतून नाव काढायचं म्हटल्यावर कारखान्याचा चेअरमन आणि त्याच्या रानात पाणी धरणारा माणूस यांची निवड व्हायची शक्यता सारखी झाली. ओट्यावर बसायची सोयच उरली नाही. आणि निकालही तसेच आले. श्रीमंत, शिकलेला माणूस जास्त मत देतो, हे पाश्चात्त्य पुस्तकांतलं गृहीतक इथे उलटं पडलं. नव्वदच्या दशकातल्या आकड्यांवरून यादवांनी दाखवलं की दलित आणि गरीब मतदार वरच्या थरापेक्षा जास्त उत्साहानं मतदानाला येतात. त्याला त्यांनी लोकशाहीची दुसरी उसळी म्हटलं. कुणाच्या ओट्यावर बसून हे दिसलं नसतं.

पण फॉर्म घेऊन दारात उभं राहिलं की काय होतं, ते तक्त्यात येत नाही. एका सर्व्हेत माझ्या यादीत एका वस्तीवरच्या बाईचं नाव आलं. पस्तिशीची असेल. सासरे अंगणात बाजेवर.

“तिला काय इचारतीस पोरी? तिला काय कळतंय त्यातलं? मला इचार की.”

“आजोबा, यादीत नाव यांचं निघालंय.”

“आमचं कसं नाय निघालं मग?”

“सरपंचाच्या आरक्षणाची सोडत काढत्यात का नाय, तशी काढली.”

सोडत म्हटल्यावर त्यांना पटलं, पण ते हलले नाहीत. बाई उंबऱ्यात बसली. सरकारचं काम कसं वाटतं? म्हाईत न्हाय. महागाईला जबाबदार कोण? म्हाईत न्हाय. गावातला सगळ्यात मोठा प्रश्न? ती सासऱ्यांकडे बघायला लागली. आमच्या फॉर्मवर ‘माहीत नाही’चा आकडा 8 होता. मी ओळीनं 8 लिहीत गेले. मग मतपत्रिका दिली. तिनं ती घेतली, आमच्या दोघांकडे पाठ केली, खूण करून घडी घातली आणि पेटीत टाकली. तिथे ती एक क्षणही अडखळली नाही.

निघताना ती बोरीच्या झाडापर्यंत सोडायला आली. म्हणाली, नवरा सालगडी आहे. पाडव्याला साल ठरतं. ननंदेच्या लग्नाला उचल घेतली आहे, ती अजून फिटलेली नाही. मालकाचा पुतण्या पंचायतीला उभा राहणार. “आता सांगा ताई, गावात काय कमी हाय आन काय जास्ती, हे मी कुणाच्या म्होरं बोलू?” चांगली दहा मिनिटं बोलली. रेशन, विहिरीवरची पाळी, रोजगार हमीचं काम गावात कधी निघतं आणि कधी निघत नाही. फॉर्म बंद झाला होता. त्यात या बोलण्याला रकाना नव्हता.

पुढे सुझॅन रुडॉल्फ यांचं एक भाषण वाचनात आलं आणि ती वस्ती आठवली. सुझॅन आणि लॉइड रुडॉल्फ हे जोडपं 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात तंजावर भागात मतांचा सर्व्हे करायला गेलं होतं. सूचना होती, निवडलेल्या माणसाला एकट्याला गाठा. एकटा माणूस सापडेचना. प्रश्न विचारला की घर गोळा व्हायचं, शेजार गोळा व्हायचा, थोरला माणूस उत्तर द्यायचा. पुढे अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या अध्यक्ष झाल्यावर सुझॅन रुडॉल्फ यांनी त्या अनुभवावरून विचारलं की मत ही एकेकट्या माणसाच्या डोक्यात असलेली खासगी चीज आहे, हे आपण कुठून घेतलं? तंजावरच्या लोकांनी सर्व्हे बिघडवला असं त्यांनी म्हटलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याचं गृहीतक तपासायला घेतलं. माझं मत थोडं निराळं आहे. त्या बाईला स्वतःचं, एकटीचं मत होतं. पाठ करून टाकलेली चिठ्ठी त्याला साक्ष आहे. नव्हती ती बोलायला एकटी जागा. सर्व्हेच्या तक्त्यांत ‘मत नाही’ म्हणणाऱ्यांत बायका, गरीब आणि निरक्षर नेहमीच जास्त असतात, आणि टीव्हीवर तक्ता दाखवताना ती रांगच बऱ्याचदा कापलेली असते.

गेल्या वीसेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञ या अंगणात शिरले, आणि त्यांनी सोडतीचा असा उपयोग केला की आमच्या बाजेवरच्या आजोबांनाही तो आवडला असता. आरक्षणाची चिठ्ठी लहान पोराच्या हातून काढतात. त्या पोराला ठाऊक नसतं, पण तो एक प्रयोग सुरू करत असतो. कुठली जागा राखीव होणार हे नशिबावर ठरलं, की राखीव आणि खुल्या जागांची तुलना औषधाच्या चाचणीसारखी करता येते. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या 1997 आणि 2002च्या निवडणुका अशा ताडून बघितल्या. 1997 साली जे वॉर्ड बायकांसाठी राखीव होते आणि 2002 साली खुले झाले, तिथे बाई निवडून यायची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या जवळजवळ पाचपट निघाली. आरक्षण उठलं तरी बाई टिकली. ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ म्हणून हसणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते.

आणि ती बोरीच्या झाडाखालची गोष्ट? ती मला 2015 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेल्या एका निबंधात सापडली. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रान्सुआ आणि अशोक कोतवाल. कोतवाल आपले, व्हँकूव्हरला प्राध्यापक होते. त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत घरोघर विचारून पंचायतींचा अभ्यास केला. पहिला निष्कर्ष असा की निवडणुका चुरशीच्या होतात, मोजणी नीट होते, लोक भरभरून मत देतात, जबरदस्ती नसते. कुणी इथेच थांबलं असतं तर आदर्श लोकशाही म्हणून अहवाल पाठवला असता. पण जिथे जमीन मोठ्या प्रमाणावर मराठा घरांकडे आहे, तिथे गरिबांसाठीच्या सरकारी योजना कमी राबवल्या जात होत्या. गरीब बहुसंख्य असून, मत गुप्त असूनही. लेखकांनी यामागचा जो व्यवहार मांडला तो असा: अडीअडचणीला जमीनवाला उसने देतो, काम देतो, आणि त्या बदल्यात गरीब त्याला पंचायतीत राहू देतो. योजना जोरात चालल्या तर मजूर महाग होतो आणि उचलीची गरज कमी होते.

यात धमकी कुठेच नाही. म्हणून ती कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पुढाऱ्याच्या मुलाखतीत सापडत नाही, आणि मतदाराला थेट विचारलं तर 8 येतो. जमिनीची नोंद, योजनांचे आकडे आणि घरोघरची उत्तरं एकत्र ठेवल्यावर ती दिसली. एक तक्रार मात्र मी नोंदवेन. हे सगळं कळायला आमच्या वस्तीला व्हँकूव्हरमार्गे यावं लागलं, आणि तो निबंध इंग्रजीत आहे, समीकरणांसह. ज्या गावांवर तो आहे तिथल्या कॉलेजात मी त्याचा मराठी सारांश हातानं लिहून झेरॉक्स वाटते.

आता शेवटची पद्धत, ज्यात संशोधक लागतच नाही. मतमोजणीनंतर निवडणूक आयोग केंद्रनिहाय निकाल जाहीर करतो. त्याला फॉर्म 20 म्हणतात आणि तो कुणालाही फोनवर उघडता येतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात, धाकदपटशाची भीती असेल तिथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायची सोय नियमात होती. मतदान यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा सुटा दिसायला लागला. आयोगानं 2008 साली ‘टोटलायझर’ नावाचं उपकरण सुचवलं. अनेक यंत्रांची मतं एकत्रच मोजायची, म्हणजे कुठल्या वस्तीनं कुणाला मत दिलं हे कळणार नाही. विधी आयोगानंही 2015च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ते अजून आलेलं नाही.

संशोधकाला फॉर्म 20 म्हणजे सोन्याची खाण आहे. पण तीच खाण पुढाऱ्यालाही मोकळी आहे. वस्तीचं एकच केंद्र असेल तर बाईनं पाठ करून टाकलेली चिठ्ठीही तिथे अर्धी उघडी पडते.

मारकडवाडीत 2024 साली हाच आकडा उलट्या बाजूनं समोर आला. माळशिरस तालुक्यातलं हे गाव, आमच्यापासून फार लांब नाही. विधानसभेच्या निकालात आपल्या गावाचा केंद्रनिहाय आकडा बघून काही गावकरी म्हणाले, हे आमचं मत नाही. त्यांनी 3 डिसेंबरला कागदी मतपत्रिकांवर गावापुरतं पुन्हा मतदान करायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. यंत्रांबद्दलच्या वादात मी इथे शिरत नाही. अभ्यासक म्हणून मला त्या घटनेत रस आहे, कारण एका गावानं स्वतःचंच सर्वेक्षण करायला घेतलं होतं. माझ्या मते ते झालं असतं तरी पहिल्या मतदानाचा पडताळा मिळाला नसता. निकाल माहीत झाल्यावर, कॅमेरे लागलेले असताना, कोण रांगेत येतो आणि कोण घरी थांबतो हे सगळं गाव बघत असताना दिलेलं मत ही वेगळी वस्तू आहे. निवडणुकीनंतरच्या सर्व्हेतही लोक जिंकणाऱ्याकडे थोडे झुकतात, हे आम्ही फॉर्म भरणारे जाणतो.

वर्गात मी फॉर्म 20 उघडते तेव्हा आधी तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची बेरीज करते आणि तेवढेच आकडे फळ्यावर लिहिते. पोरं तोवर बाकाखाली फोन धरून आपापल्या वस्तीचं केंद्र शोधून बसलेली असतात.